लेसरने नंबर घालवायचाय? आधी लेन्स किती दिवस बंद ठेवायची ते बघा

बेळगाव : लग्न ठरले, नोकरी लागली किंवा कॉलेज संपले की अनेक घरांत चष्मा घालवायचा विषय निघतो. चंदगड-खानापूरकडची मंडळी बेळगाव गाठतात, निपाणीकडची कोल्हापूर नाहीतर मिरजेला जातात. यातली बरीच जणं आधीपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी असतात. तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, "लेन्स कधीपासून बंद केलीय?" रजा दोनच दिवसांची, बसने एवढ्या लांब आलेले. मग "झाले की पंधरा दिवस" असे ठोकून दिले जाते. लेन्स मात्र आदल्या रात्रीपर्यंत डोळ्यातच असते. हे खोटे डॉक्टरांना नव्हे, स्वतःच्याच डोळ्यांना महागात पडू शकते.

लेन्सने डोळ्याला होते काय?

बुबुळाच्या पुढे काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची मधली जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात रक्तवाहिन्या नसतात. लागणारा ऑक्सिजन तो बहुतांश बाहेरच्या हवेतूनच घेतो.

लेन्स रोज आठ-दहा तास या पडद्यावर बसून असते. तिच्या दाबाने कॉर्नियाचा आकार किंचित बदलतो. ऑक्सिजन कमी पडला तर थोडी सूजही येते. घड्याळाचा पट्टा काढल्यावर मनगटावर वळ राहतो, तसाच हा प्रकार. वळ जातो, पण वेळ लागतो.

लेसरचे काम याच पडद्यावर चालते. तो घासून त्याचा आकार बदलला जातो. एक नंबर कमी करायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन थर जातो. किती आणि कुठे घासायचे, हे आधीच्या तपासणीतल्या मापांवरून ठरते. लेन्सने आकार बदललेला असतानाच माप घेतले, तर नंबर कमी-जास्त येतो, सिलिंडर नंबरचा कोन चुकतो. ओपनिंग बॅलन्सच चुकीचा धरला तर पुढचा सगळा हिशोब चुकणार. आणि इथे खोडून पुन्हा लिहिता येत नाही, घासलेला थर परत बसवता येत नाही.

दुसरा धोका जास्त मोठा

काही तरुणांमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. या आजाराला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यावर लेसर केले तर पडदा आणखी कमकुवत होऊन नजर बिघडत जाऊ शकते. म्हणून आधी कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी तपासणी करतात. लेन्समुळे बदललेला आकार या नकाशात कधी केराटोकोनससारखा दिसतो, तर कधी खरा आजार त्याखाली झाकला जातो. डॉक्टर "लेन्स बंद ठेवून परत या" म्हणतात ते यासाठी. दोन वेळचे माप जुळले, की आकार स्थिर झाला असे धरता येते.

मग लेन्स किती दिवस बंद?

अमेरिकेच्या एफडीए या औषध प्रशासनाच्या सल्ल्यानुसार :

- साधी सॉफ्ट लेन्स : किमान २ आठवडे
- सिलिंडर नंबरची सॉफ्ट (टोरिक) लेन्स किंवा सेमी-सॉफ्ट (आरजीपी) लेन्स : किमान ३ आठवडे
- जुन्या पद्धतीची हार्ड लेन्स : किमान ४ आठवडे

काही दवाखाने सॉफ्ट लेन्सला एक आठवडा पुरे म्हणतात. आपले डॉक्टर सांगतील ते पाळावे. वर्षानुवर्षे हार्ड लेन्स वापरणाऱ्यांना याहून जास्त काळही लागू शकतो.

इथे एक गल्लत हमखास होते. हे दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून नव्हे, मापे घेण्याच्या तपासणीपासून मागे मोजायचे. तपासणी झाल्यावरही ऑपरेशनपर्यंत लेन्स घालायची नाही. मध्येच कुणाच्या लग्नाला एक दिवस घातली असेल, तर तसे सांगून टाकावे. या काळात वापरायला चालू नंबरचा चष्मा आधीच करून ठेवावा.

ऑपरेशननंतर डोळ्यात लेन्स का ठेवतात?

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून लेसर करतात आणि पापुद्रा परत बसवतात. त्यात सहसा लेन्स लागत नाही. पीआरके प्रकारात मात्र वरची नाजूक साल काढून लेसर होते. ती साल पुन्हा भरून येईपर्यंत साधारण ४ ते ७ दिवस डोळ्यात 'बँडेज लेन्स' ठेवतात. तिला नंबर नसतो. जखमेवरच्या पट्टीसारखे तिचे काम.

ही लेन्स स्वतः काढायची नाही. साल भरल्याचे बघून डॉक्टरच ती काढतात. लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि ही फेरी, दोन्ही धरूनच रजा टाकावी. लेन्स आपोआप पडली तर ती धुऊन परत घालू नये, दवाखान्याला फोन करावा. दुखणे वाढले, डोळा जास्त लाल झाला, घाण येऊ लागली किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. डोळे चोळणे, विहिरीत-नदीत पोहणे, डोळ्यांत नळाचे पाणी मारणे, हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद.

नंतर पुन्हा लेन्स वापरता येते का?

थोडा नंबर राहिला किंवा काही वर्षांनी परत आला, तर येते. पण डबीत उरलेली जुनी लेन्स चालत नाही. मायनस नंबरच्या ऑपरेशनात कॉर्निया मध्ये सपाट होतो, त्यावर ती नीट बसत नाही. नंबर स्थिर व्हायला साधारण तीन महिने लागतात, त्यानंतर नव्याने माप घ्यावे. लेसरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, त्यामुळे लेन्स टोचूही शकते. समारंभासाठी बाजारातून रंगीत लेन्स आणून घालणे तर टाळावेच. चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा मात्र लेसरने चुकत नाही.

ऑपरेशनआधीचा नंबर, जाडी आणि नकाशा यांची फाइल जपून ठेवावी. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायची वेळ आली, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना या कागदांचा उपयोग होतो.

तपासणीची वेळ घेताना फोनवरच विचारावे : "माझी लेन्स अमुक प्रकारची आहे, किती दिवस आधी बंद करू?" तेवढे दिवस मोजून मगच तारीख घ्यावी. आणि लेन्स कालपर्यंत घातली असेल, तर तसेच सांगावे. फार तर एक फेरी आणि बसभाडे वाया जाईल.