ग्राफिक्स कार्डाची निवड

परीक्षा संपली कीं हल्लीं पुष्कळ घरांत एक वाद उपस्थित होतो. मुलानें वर्षभर मन लावून अभ्यास केलेला असतो. आतां त्याला संगणकावर खेळ खेळावयाचे असतात. घरांतील संगणक मात्र एखाद्या कचेरींतून निवृत्त झालेला व स्वस्तांत विकत घेतलेला असतो. त्यावर पत्रें लिहितां येतात, हिशेब ठेवतां येतात; पण नवा खेळ सुरू केला कीं पडद्यावरील चित्र अडखळतें आणि धांवणारा घोडा लंगडूं लागतो. मुलगा म्हणतो, "बाबा, एक ग्राफिक्स कार्ड घेतलें कीं काम झालें." वडील विचारतात, "कोणतें?" आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

हें कार्ड करतें तरी काय, तें प्रथम समजून घेणें अवश्य आहे. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. सर्वसाधारण पडद्यावर एका आडव्या ओळींत १९२० ठिपके असतात व अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला असतां ठिपके २० लक्ष ७३ हजार ६०० भरतात. हालचाल सुरळीत भासावी म्हणून असें चित्र सेकंदाला सहसा साठ वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे एका सेकंदांत १२ कोटि ४४ लक्षांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! संगणकाचा मुख्य प्रोसेसर एखाद्या विद्वान शास्त्र्यासारखा आहे. कठीण प्रश्न तो एकामागून एक सोडवितो. परंतु येथें प्रश्न कठीण नसून असंख्य आहेत. अशा वेळीं एका शास्त्र्यापेक्षां बेरीज-वजाबाकी जाणणारीं हजार मुलें अधिक उपयोगीं पडतात. ग्राफिक्स कार्डावरील चिप ही अशा हजारों लहान गणित्यांची शाळाच होय.

बेताच्या पैशांत कार्ड घेऊं पाहणारा मनुष्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेला किंवा आपल्या गांवच्या दुकानांत गेला, तरी त्याच्या कानांवर बहुधा दोन नांवें पडतात. एक एएमडी कंपनीचें 'आरएक्स ६६००' आणि दुसरें एनव्हिडिया कंपनीचें सहा जीबीचें 'आरटीएक्स ३०५०'. पहिलें ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालें, दुसरें फेब्रुवारी २०२४ मध्यें. पुढें २०२५ सालीं दोन्ही कंपन्यांनीं याहून नव्या पिढीचीं कार्डें आणलीं; तथापि या दोहोंची तुलना बोधप्रद आहे, कारण हाच प्रश्न प्रत्येक पिढींत नवीं नांवें घेऊन पुन्हां उभा राहतो.

नवें तें चांगलें, असा तर्क कोणीहि करील; पण तो येथें फसतो. आरएक्स ६६०० वर आठ जीबी स्मृति आहे, ३०५० वर सहा. ही स्मृति म्हणजे चित्रकाराच्या हाताशीं असलेला चौरंग. रंग, कुंचले, नमुने त्यावर मावले तर काम झपाट्यानें होतें; मावले नाहींत तर दर वेळीं उठून कोठीच्या खोलींत जावें लागतें, आणि तेवढ्यांत खेळ अडखळतो. चौरंगावरून हाताकडे येणारी वाटहि पहिल्या कार्डांत रुंद आहे. तीवरून सेकंदाला २२४ जीबी माहिती जाऊं शकते, दुसऱ्यांत १६८. परिणामीं बहुतेक खेळांत आरएक्स ६६०० स्पष्टपणें पुढें राहतें.

मग प्रश्न मिटला काय? नाहीं. उलट, महत्त्वाचा भाग आतांच येतो, आणि तो विजेचा आहे.

आरएक्स ६६०० ला १३२ वॅट वीज लागते. सहा जीबीच्या ३०५० ला ७० वॅट. संगणकाच्या मदरबोर्डावरील ज्या खांचेंत कार्ड बसवितात, तिच्यांतून फार तर ७५ वॅट वीज मिळूं शकते. म्हणून ३०५० चे बहुतेक प्रकार नुसते खांचेंत बसविले कीं चालूं लागतात. आरएक्स ६६०० ला मात्र आठ टोंकांची स्वतंत्र तार जोडावी लागते, आणि वीज पुरविणारा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो ४५० वॅटचा असावा असें कंपनी सांगते. कचेरींतून आलेल्या जुन्या संगणकांत हा डबा पुष्कळदां दोनशें ते तीनशें वॅटचाच असतो, व तशी तार त्यांत नसते. कित्येकांची जोडणी इतकी निराळी असते कीं बाजारांतला साधा डबा तेथें बसतहि नाहीं. अरुंद कॅबिनेटमध्यें पूर्ण उंचीचें कार्डहि मावत नाहीं. ३०५० चे अर्ध्या उंचीचे प्रकार मात्र मिळतात.

अशा वेळीं कोणी 'जोडतार लावून भागेल' असा सल्ला देतो. तो ऐकूं नये. अशक्त डब्यावर जास्त भार घातला तर खेळ ऐन रंगांत आला असतां संगणक बंद पडतो. तार तापून वितळण्याचेंहि भय असतें. बचत करावयास गेलेल्या गृहस्थाचा सगळा संगणकच त्यांत जावयाचा.

दुसरा सापळा नांवाचा आहे. जानेवारी २०२२ मध्यें निघालेलें ३०५० आठ जीबीचें होतें. त्यावर २५६० लहान गणिती होते, माहितीची वाट १२८ पदरी होती आणि त्याला १३० वॅट वीज लागे. सहा जीबीच्या कार्डावर गणिती २३०४ व वाट ९६ पदरी. कार्ड निराळें, नांव मात्र तेंच! एकाची कीर्ति ऐकून दुसरें घरीं आणण्याची चूक सहज घडते. यास्तव खोक्यावरील ठळक अक्षरांपेक्षां बारीक अक्षरें आधीं वाचावीं.

किंमती सारख्या बदलत असल्यामुळें भाव सांगण्यापेक्षां हिशेबाची रीत सांगणें बरें. समजा, एक कार्ड १८ हजार रुपयांस मिळतें व आवडत्या खेळांत सेकंदाला ६० चित्रें देतें. दुसरें २२ हजारांस मिळतें व ९० चित्रें देतें. पहिल्याचें एक चित्र ३०० रुपयांस पडलें, दुसऱ्याचें सुमारें २४४ रुपयांस. दुसरें स्वस्त ठरलें. परंतु त्याच्यासाठीं ५ हजारांचा नवा एसएमपीएस घ्यावा लागला, तर एकूण २७ हजार होऊन तेंहि ३०० रुपयांवर येतें. कार्डाची किंमत ती नव्हे. कार्ड चालूं होईपर्यंत झालेला सगळा खर्च ती खरी किंमत.

खेळाखेरीज इतर कामांचाहि विचार व्हावा. चित्र लहान काढून तें कौशल्यानें मोठें करण्याची एनव्हिडियाची डीएलएसएस ही युक्ति ३०५० वर चालते, ६६०० वर नाहीं. एएमडीची एफएसआर ही तशीच युक्ति दोन्हींवर चालते. मुलाला ब्लेंडरसारख्या साधनानें त्रिमितीय चित्रें करण्याची आवड असेल, तर एनव्हिडियाचें कार्ड अधिक सोयीचें.

सारांश, कॅबिनेट ऐसपैस व एसएमपीएस भरंवशाचा असेल तर खेळासाठीं आरएक्स ६६०० घ्यावें. जुना, अरुंद, कमी विजेचा संगणकच चालवावयाचा असेल तर सहा जीबीचें ३०५० घ्यावें, आणि त्याच्याकडून बेताचीच अपेक्षा ठेवावी. बैल कितीहि दमदार असला तरी गाडीचें जूं त्याला पेलतें कीं नाहीं हें शेतकरी आधीं पाहतो. तेव्हां "कोणतें?" या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर दुकानांत नाहीं, घरींच आहे. बापलेकांनीं संगणकाची तार काढून ठेवावी, कॅबिनेटचें झांकण उघडावें, एसएमपीएसवरील चिठ्ठी वाचावी, आणि मगच पिशवी घेऊन बाहेर पडावें.