प्लेन लहान-मोठं करताना

सॉलिडवर्क्समध्ये नवा पार्ट उघडला की डावीकडच्या फीचर ट्रीमध्ये तीन प्लेन आधीच हजर असतात: फ्रंट, टॉप आणि राइट. स्क्रीनवर त्यांच्या नुसत्या चौकटी दिसतात. नव्याने शिकणारे बहुतेक जण ती चौकट म्हणजेच प्लेन समजतात, आणि इथेच घोळ सुरू होतो. शाळेच्या भूमितीतलं प्रतल जसं चारही दिशांना अमर्याद, तसंच हे प्लेनही. चौकट ही त्या अमर्याद पसाऱ्याकडे बघायची खिडकी. खिडकी रुंद केली म्हणून बाहेरचं मैदान वाढत नाही.

खात्री करायची असेल तर एक प्लेन मुद्दाम इवलंसं करा, त्यावर स्केच उघडा आणि चौकटीच्या बरंच बाहेर एक रेघ मारा. रेघ विनातक्रार उमटते. सेक्शन व्ह्यूचंही तसंच. ६०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टच्या एका टोकाशी अक्षाला समांतर असं अंगठ्याएवढं प्लेन दिसत असलं, तरी त्याने केलेला छेद शाफ्टभर जातो.

आता प्रत्यक्ष कृती. प्लेन निवडलं की त्याच्या कोपऱ्यांवर आणि कडांच्या मध्यावर छोटे ठिपके येतात. त्यातला ठिपका पकडून ओढला की आकार बदलतो. ठिपका चुकून मधली कड हातात आली तर आकार बदलत नाही, प्लेनच हलू लागतं. कंट्रोल दाबलेलं असताना कड ओढली तर समांतर असं आणखी एक प्लेन तयार होतं. ट्रीमध्ये ‘प्लेन ४’, ‘प्लेन ५’ अशी बेवारस नावं दिसतात, त्यातली काही अशीच जन्मलेली असतात.

हाताने ओढलेल्या प्लेनला एक खोड लागते. पार्ट वाढला तरी ते आपल्या जुन्याच मापावर राहतं, आणि मग मोठ्या कास्टिंगच्या पोटात हरवून जातं. अशा वेळी त्यावर राइट क्लिक करून ‘ऑटोसाइझ’ निवडावं. प्लेन मॉडेलपेक्षा किंचित मोठं होतं आणि पुढेही मॉडेलबरोबर वाढतं. माझं मत विचाराल तर ओढाताणीत वेळ घालवण्यापेक्षा ऑटोसाइझच बरं. गर्दीच्या जागी एखादं प्लेन मुद्दाम छोटं ठेवायचं असेल तेवढाच अपवाद.

इतर कॅड सॉफ्टवेअरमध्ये रीत वेगळी. क्रिओमध्ये प्लेनची एडिट डेफिनिशन उघडून डिस्प्ले टॅबमध्ये ‘अ‍ॅडजस्ट आउटलाइन’वर खूण करावी लागते. मग रुंदी-उंची आकड्यांत देता येते किंवा एखादा पृष्ठभाग, कड असा संदर्भ दाखवून चौकट त्याच्या मापाची करता येते. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमधल्या डेटम प्लेनला ‘रीसाइझ मोड’ नावाचा गुणधर्म आहे. तो मॅन्युअल केला की लांबी-रुंदी आपण ठरवायची.

मात्र जिथे खरोखर हद्द हवी, तिथे प्लेन कामाचं नाही. बॉडीचा अर्धाच भाग कापायचा म्हणून प्लेन आखूड करून काही साधत नाही, कारण कापताना ते सगळ्या बॉडीतून जातं. तिथे स्केचवरून प्लेनर सरफेस तयार करावा, कारण सरफेसला स्वतःची खरी कड असते. या कडेचा जाचही होतो. ‘अप टू सरफेस’ एक्सट्रूड करताना सरफेस स्केचपेक्षा लहान पडला तर फीचर एररमध्ये जाऊ शकतं. त्याच जागी प्लेन दिलं असतं तर चौकटीच्या मापाचा प्रश्नच आला नसता.

राहिला मुद्दा न दिसणाऱ्या प्लेनचा. ट्रीमधून ‘शो’ केलं, ऑटोसाइझ केलं, तरी स्क्रीनवर काही नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. आकाराशी झुंजण्याआधी सॉलिडवर्क्सच्या व्ह्यू मेनूतल्या हाइड-शोमध्ये ‘प्लेन्स’ चालू आहे का ते बघावं. ते बंद असेल तर एकेक प्लेन कितीही वेळा ‘शो’ करा, दिसणार नाही.