दोन हजेरीपट

आम्हां नोकरदारांच्या पगारचिठ्ठीत एक ओळ असते. दर महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तेवढे तीनशे, वर्षाचे अडीच हजार. नाव व्यवसाय कर. मी मराठीचा अध्यापक. कवितेच्या ओळीवर तासभर बोलेन, पण वर्षानुवर्षे या ओळीकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. पाहायला लावले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात ही मुलगी महिनाभर दिसेना. हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागली, तेव्हा तिला बोलावून मी मास्तरकीच्या खास आवाजात खुलासा मागितला. तिने पिशवीतून जॉबकार्ड काढून टेबलावर ठेवले.

"सर, त्या दिवशी मी तिथं हजर होते."

गावात रोजगार हमीचे पांदण रस्त्याचे काम निघाले होते आणि ती आईबरोबर माती टाकायला जात होती. परीक्षेचे शुल्क त्यातून भरायचे होते. काम झाले होते. मजुरी मात्र शुल्काची तारीख आली तरी खात्यात नव्हती. पंधरा दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे असे कायदा सांगत होता, हे मला तिच्याकडून कळले.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "लोकांना फुकटची सवय लागली आहे." एरवी मीही मान डोलावली असती. पण माझी आई १९७२ च्या दुष्काळात, चौदाव्या वर्षी, खडी फोडायला गेली होती. मिलो आणि सुकडी हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले आहेत. अंगठ्याला लागलेल्या हातोडीची खूण तिच्या हातावर अजून आहे. फुकट हा शब्द त्या हाताला लावणे मला जमेना.

मग मी वाचू लागलो. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती; १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरला, त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. कल्पना साधी होती: काम मागणाऱ्या माणसाला सरकारने काम द्यायचे. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि ऐन भरात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर राबली. १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्या कल्पनेचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तत्पूर्वी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, तो याच योजनेसाठी. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या कारकुनाने, डॉक्टरने, वकिलाने खेड्यातल्या न पाहिलेल्या बाईच्या रोजीचा भार थोडा उचलायचा. आणि याची वाच्यता घरात कुणी करीत नाही!

विलायतेत १९४२ साली बेव्हरिजसाहेबांनी कल्याणकारी राज्याचा आराखडा मांडला तो मुख्यतः पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून: आठवड्याला वर्गणी भरा, बेकारीत-आजारात भत्ता घ्या. आमच्याकडे मालकच नाही, तर वर्गणी कापायची कुणी? पाग्यांच्या योजनेने ही अडचण मोठ्या हुशारीने ओलांडली. तिने गरिबीचा दाखला मागितला नाही. उन्हात खोऱ्या-टोपल्याने राबायला जो तयार, तो गरजू. तलाठ्याच्या सहीची गरज काय? राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो राज्याच्या ऐपतीवर सोडलेला. इथे तो कायद्याने मागता येऊ लागला.

२००५ मध्ये देशाने कायदा केला, ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस. २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या दोनशे जिल्ह्यांत तो सुरू झाला त्यांत आमचे हिंगोली होते. परभणीतून वेगळे होऊन त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. मापे चोरली गेली, खोट्या हजेऱ्या लागल्या, हेही खरे. त्यावर उपाय म्हणून दिवसातून दोनदा मोबाइलवर मजुरांचा फोटो आला. खेड्यात नेटवर्क नसले की घाम गाळूनही माणूस गैरहजर!

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा लागणार, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत साठ दिवस कामे बंद. दिवस वाढले म्हणून मला आनंद आहे. राज्याची तिजोरी आटली तर काय, ही धास्तीही आहे. दुसरीकडे २०२४ पासून बायकांच्या खात्यात महिन्याला पंधराशे रुपये थेट येतात. त्या पैशाने अनेक घरांत तेल-मीठ आले. ते मी नाकारणार नाही. पण जे दिले जाते ते बंदही करता येते, आणि बंद झाले तर बाईने कोणत्या कलमाखाली दाद मागायची? इकडे दिवाळीनंतर कोयते बांधून उसाच्या फडाकडे निघणारी कुटुंबे मी पाहतो, तेव्हा गावातच मिळणाऱ्या रोजाची किंमत मला जास्त वाटते.

त्या मुलीचे शुल्क मी भरले. जूनमध्ये ती नोटा घेऊन आली. मी म्हटले, "राहू दे गं."

"नाही सर, मजुरी आली." नोटा टेबलावर ठेवून तिने हजेरीपटाकडे बोट दाखवले. "त्या महिन्याचं तेवढं काय ते बघा."