जुनी बॅटरी जाते कुठे?

नवी बॅटरी विकताना जुनी परत घेऊन किमतीत सूट देण्याची प्रथा वाहनांच्या बॅटऱ्यांच्या धंद्यात रूढ आहे. प्रश्न आहे तो ही जुनी बॅटरी दुकानातून पुढे कोणाकडे जाते याचा. चार पैसे जादा मोजणाऱ्या भंगारवाल्याकडे ती गेली, की अनेकदा आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्या शिशाने लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

२००१ च्या नियमांनी शिसे-आम्ल बॅटऱ्या परत गोळा करण्याचे बंधन थेट विक्रेत्यावरही घातले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या आणि मुख्य जबाबदारी उत्पादकावर टाकली. कंपनीची फ्रँचायझी चालवणारा यामुळे निर्धास्त होईल. पण त्याने स्वतःच्या नाममुद्रेने बॅटरी विकली किंवा ती आयात केली, तर नियमांच्या लेखी तोच उत्पादक ठरतो. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी त्यालाच करावी लागते.

इतरांनी जुना माल कंपनीच्या संकलन व्यवस्थेकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाकडेच द्यावा व पावती जपावी. तोवर शिसे-आम्ल बॅटऱ्या छपराखाली, उभ्या ठेवाव्यात. लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी.