वर्ग शांत आहे, पण का?

मैत्रिणींनो, पालकसभेत आपणच बाईंना सांगतो ना, “दोन रट्टे द्या, पण शिस्त लावा”?

गोरेगावच्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. टाचणी पडली तरी ऐकू यावं, तरच वर्ग ताब्यात, असं मलाही वाटे. आठवीतला एक मुलगा सारखा शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. मी त्याला तासभर उभं केलं. पुढे कळलं, त्याला फळ्यावरचं दिसतच नव्हतं! माझ्या धाकानं बिचारा बोलला नव्हता.

धाकाशिवाय शिस्त लागत नाही? साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांचे पसारे ते न रागावता स्वतः आवरत. ते पाहून मुलंच आवरू लागली.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या 17व्या कलमानं मारावर आणि मानसिक छळावरही बंदी आणली. पण छडी गेली तरी टोमणे उरतातच.

हल्ली मी वर्गाचे नियम मुलांकडूनच ठरवून घेते. थोडा गलका होतो; पण शंका विचारायला हात वर होतात.

तुम्हीही मुलाला “आज मार खाल्लास का?” असं न विचारता “आज बाईंना काय विचारलंस?” असं विचारून पाहा. उत्तरातच वर्ग कळेल.