जुने मनगटी घड्याळ घेण्यापूर्वी

शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून गुलमंडीकडे चालत निघालात, तर वाटेत एखादा तरी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला दिसतो. त्याच्या काचेच्या पेटीत जुनी, चावीची घड्याळे मांडलेली असतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. आता कॉलेजातली मुले हौसेने भाव विचारतात, आणि त्याच वेळी खेड्यातून आलेले एखादे आजोबा लग्नात मिळालेले घड्याळ मोडीत काढायला उभे असतात. फसगत दोघांचीही होऊ शकते. एकाची घेताना, दुसऱ्याची देताना.

माझी झाली ती आधी सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी एका बाजारात मी एक स्विस घड्याळ घेतले. तबकडी आकाशी, लखलखीत, वर नामांकित कंपनीचे नाव. 1,800 रुपये मोजले आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूश होऊन घरी आलो. आमच्या ओळखीच्या घड्याळजींनी मागचे झाकण उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "सर, घोडा एकाचा, खोगीर दुसऱ्याचं आणि लगाम तिसऱ्याचा." मशीन एका कंपनीचे, काटे दुसरीचे, आणि तबकडी जुना रंग खरवडून नव्याने रंगवलेली. परदेशातले शौकीन लोक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या मुंबईचे नाव असे निघावे हे काही भूषणावह नाही, पण नाव पडले आहे खरे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की जुन्या घड्याळाची तबकडी नव्यासारखी चमकत असेल तर हरखून जाऊ नका, उलट सावध व्हा. पन्नास वर्षांच्या तबकडीवर थोडा पिवळेपणा, एखादा डाग असायचाच. भिंग मिळाले तर उत्तमच; नाहीतर मोबाइलने जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. मूळ छपाईची अक्षरे बारीक पण धारदार असतात. रंगवलेल्या तबकडीवर ती फुगलेली, शाई पसरल्यासारखी दिसतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर बरोबर येत नाहीत. स्विस घड्याळावर सहाच्या आकड्याखाली 'स्विस मेड' असे बारीक अक्षरात असते; ते कुठे अर्धे कापलेले, कुठे गायबच असते. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेला रंगाचा थर जमलेला दिसतो. काटे गंजलेले आणि तबकडी कोरी, असा जोड दिसला तर काय समजायचे ते समजा.

आता आपल्याकडे जी घड्याळे अधिक येतात त्यांच्याविषयी. 1961 साली हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे बहुधा स्विस: फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर अशी नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. पुढे 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही एचएमटीची घड्याळे घरोघर गेली. जावयाला एचएमटी, दहावी पास झालेल्या मुलाला एचएमटी, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाल, श्रीफळ आणि एचएमटी! 1984 साली टायटन कंपनी निघाली, बॅटरीवरची क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त झाली आणि चावीची मागे पडली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली, आणि जुन्या एचएमटीची किंमत चढू लागली. काळ्या तबकडीची 'पायलट' आणि देवनागरी आकड्यांची 'जनता' यांना विशेष मागणी. म्हणून रंगवून सर्वांत जास्त विकल्या जातात त्याही याच. देवनागरी आकडे पाहून आपला जीव आधी विरघळतो, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा. यात संकोच कसला? बैल घेताना आपण दात पाहतोच की. एचएमटीच्या मशीनवर कंपनीचे नाव कोरलेले असते. तबकडीवर एक नाव आणि आत दुसरेच, असे असेल तर खुलासा मागा. काही स्विस कंपन्या दुसऱ्यांकडून मशीन विकत घेत, त्यामुळे प्रत्येक वेळी तो खोटेपणाच असतो असं नाही. पण एचएमटीच्या तबकडीखाली एचएमटीचेच मशीन हवे. गंज, वाळलेले तेल, खरवडलेले स्क्रू हेही तेव्हाच दिसतात. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल, तर 'राम राम' म्हणून पुढे चला.

मशीनवर '17 ज्वेल्स' असे वाचून काहींना वाटते की आत रत्ने आहेत. ती कारखान्यात तयार केलेली कृत्रिम माणके असतात, बाजारात त्यांना मोल नाही. बैलगाडीच्या कण्याला वंगण लागते ना, तसे घड्याळाच्या बारीक चक्रांचे आस झिजू नयेत म्हणून ते या कठीण खड्यांत बसवलेले असतात. चावी दिली की आतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते आणि ती उलगडताना चक्रांना ढकलते. बॅलन्सचे चक्र पाळण्यासारखे झोके घेत त्या ओढीला आवर घालते. पुष्कळ जुन्या घड्याळांत असे तासाला 18,000 झोके असतात, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. घड्याळ दिवसाला 30 सेकंद चुकले तर आपण नावे ठेवतो, पण त्या 30 सेकंदांत फक्त 150 झोके येतात! इतक्या जुन्या यंत्राने एवढे केले तरी पुष्कळ झाले. रोज पाच-सात मिनिटे चुकू लागले, तर मात्र ते दुखणे आहे असे समजावे.

परीक्षा साधी आहे. घड्याळ कानाला लावा. टिकटिक सारख्या अंतराने, स्वच्छ आली पाहिजे. सेकंदकाटा दर सेकंदाला एकेक उडी मारत असेल, तर जुन्या केसमध्ये बॅटरीचे स्वस्त मशीन बसवले आहे. चावी हलक्या हाताने, अडेपर्यंत द्या. पुढे जोर लावू नका. मग आकाशवाणीवर बातम्यांच्या वेळी घड्याळ लावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांना पडताळून पाहा. तबकडी वर करून, पालथी घालून आणि उभे धरून, तिन्ही प्रकारे चालते का तेही बघा. एवढेच की रात्री ते रेडिओवर ठेवू नका. रेडिओच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असते. त्याने हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ घाई करू लागते.

केसवर '20 मायक्रॉन' असे कोरलेले असेल, तर तो सोन्याचा मुलामा. एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. त्यासाठी सोन्याचा भाव देऊ नका. मुलामा घामाने खाल्ला की आतले पितळ दिसू लागते. आणि झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरी आतले रबर कधीच वाळून गेलेले असते. ते घालून पावसात किंवा मोटेवर जाऊ नये.

एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे. अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक रंगाला आपण 'रेडियम' म्हणतो. सायकलच्या मडगार्डावरच्या पट्टीलाही! त्या पट्टीत रेडियम नसते. पण 1960 च्या आसपासपर्यंतच्या अनेक परदेशी घड्याळांच्या आकड्यांवर खरेच रेडियम असे. 1920 च्या दशकात अमेरिकेत असे आकडे रंगवणाऱ्या मुलींना त्यातून हाडांचे भयंकर रोग झाले. ब्रशला टोक आणण्यासाठी त्या तो ओठात धरीत. रेडियमचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 1,600 वर्षे लागतात. म्हणजे साठ वर्षांनंतरही शंभरातले सत्त्याण्णव भाग शिल्लक असतात, जरी रंगाची चमक गेली असली तरी. बंद घड्याळ जपून ठेवावे. ते घरी उघडू नये, तपकिरी झालेला रंग नखाने खरवडू नये, आणि मुलांच्या हाती खेळायला तर देऊच नये. शिक्षकांनी शाळेच्या प्रदर्शनात जुने घड्याळ मांडले, तर एवढे ध्यानात असू द्यावे.

आता देणाऱ्यांसाठी. ट्रंकेत आजोबांचे घड्याळ असेल तर दारावर आलेल्या माणसाला लगेच देऊ नका. विकायचेच झाले तर आधी दोन ठिकाणी दाखवा. चांगला भाव येईल म्हणून केस पॉलिश करू नका, तबकडी रंगवून घेऊ नका. त्याने किंमत वाढत नाही, उतरते. तीस वर्षे बंद असलेले घड्याळ चावी देऊन जबरदस्तीने चालवूही नका. आतले तेल वाळलेले असते, चक्रे कोरडीच घासतात. आधी ते साफ करून, तेल घालून घ्यावे. एचएमटीचे सुटे भाग बंद पडलेल्या घड्याळांतून काढून मिळतात. दुर्मीळ स्विस मशीनचा एखादा भाग मोडला तर शोधत बसावे लागते, हाही हिशेब घेताना करावा. आणि हाताशी खात्रीचा घड्याळजी नसेल, तर जुने घड्याळ घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पावती मागायला विसरू नका. पुष्कळशी स्विस घड्याळे इथे चोरवाटेने आलेली, त्यांची मूळ कागदपत्रे मिळत नाहीत. पण आजचा विकणारा तर समोर आहे. तबकडी मूळची की रंगवलेली, मशीन कोणते, झाकणावरचा नंबर कोणता, आणि आठ दिवसांत परत घेणार की नाही, एवढे त्याच्या हातून लिहून घ्या. माझे ते आकाशी घड्याळ अजून माझ्याकडे आहे. वेळ बरी दाखवते. दिलेल्या किमतीला मात्र ते कोणी घेत नाही, आणि खरे काय ते न सांगता विकायला मन धजत नाही.