गुरूचे बिनपगारी पहारेकरी

जेथे वेतन नाही तेथे शिस्तही नसते, असा आपला एक रूढ समज आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्यालाही तो सोयीचा वाटतो. परंतु गुरू ग्रहाच्या वातावरणाविषयीचे बरेचसे नवे ज्ञान कोणी मिळविले हे पाहिले, की हा समज तपासून घ्यावा लागतो.

१९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ अँथनी वेस्ली हे हौशी निरीक्षक आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूची छायाचित्रे घेत होते. हवा स्थिर नव्हती. आता आवरावे, असे वाटून ते अर्धा तास विसावले. परतले तेव्हा ग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसू लागला होता. ही एखाद्या उपग्रहाची सावली तर नव्हे? त्यांनी दोनच रात्रींपूर्वीचे त्याच भागाचे छायाचित्र काढले. त्यात डाग नव्हता. गुरूवर काहीतरी आदळले होते. हवाई बेटांवरील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने त्यास दुजोरा दिला आणि पुढे हबल दुर्बीणही तिकडे वळविण्यात आली.

या घटनेतील मोलाचे छायाचित्र कोणते? माझ्या मते, डाग नसलेले.

मोठ्या वेधशाळांतील वेळ अर्ज करून, तासांच्या हिशेबाने मिळतो. ‘आज काही घडले नाही’ एवढेच नोंदविण्यासाठी तो कोण खर्ची घालील? गुरूचे ढग तर सतत बदलत असतात. २०१० मध्ये त्याचा दक्षिण विषुववृत्तीय पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला होता. नोव्हेंबरात तो परतू लागल्याची चाहूल फिलिपाइन्समधील क्रिस्टोफर गो यांना लागली. गो यांचा व्यवसाय फर्निचरचा! ३१ मे २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्लाइड फॉस्टर यांना एक नवे वादळ दिसले; दोनच दिवसांनी जूनो यानाने ते जवळून टिपले.

या कामाची रीत साधी, पण चिकाटीची आहे. पृथ्वीच्या हवेमुळे ग्रहबिंब थरथरते. म्हणून कॅमेऱ्याने काही मिनिटांत हजारो चित्रे घ्यावयाची, त्यांतील सुस्पष्ट तेवढी संगणकाने निवडून एकावर एक रचावयाची. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरत असल्याने फार वेळ घेऊनही चालत नाही.

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ सालची. तेव्हा आकाशनिरीक्षणाचा हा छंद आपल्याला परका नाही. पावसाळ्यात आपले आकाश झाकलेले असते हे खरे. पण पहारा पाळीपाळीनेच चालतो. एका देशात ढग आले तर दुसऱ्या देशातील कोणी जागा असावा लागतो.

‘या नोंदीचा उपयोग काय?’ असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु नोंद करताना तिचा उपयोग बहुधा कळत नाही. त्या आधीच्या रात्री, रिकामे वाटणारे छायाचित्र जपून ठेवताना, वेस्ली यांनाही तो कळलेला नव्हता.